ठकूबाईनं तांबट आळी बंद केली त्याची गोष्ट

उंबरदरीला घाटातून गाडीवाट नव्हती, रॉकेलचा दिवा कुणी पाहिला नव्हता आणि तांब्याच्या हंड्यातलं पाणी प्यायलं नाही तर जेवण पचत नाही असं मानणारी माणसं घरोघर होती, तेव्हाची ही हकिकत आहे. नक्की किती वर्षं झाली ते मला विचारू नका. आळीतली म्हातारी माणसं एक सांगतात, देवळातले गुरव दुसरं सांगतात, आणि दोघंही आपण तिथे हजर असल्याच्या थाटात सांगतात. मी दोघांचं ऐकून मधलं सांगतो.

उंबरदरीची तांबट आळी म्हणजे समोरासमोर पंचवीस घरं. प्रत्येक घराच्या ओट्यावर ऐरण आणि ऐरणीपाशी हातोडा घेतलेला माणूस. सूर्य उगवला की ठोके सुरू होत ते दिवस कलेपर्यंत. बाहेरचा पाहुणा आला तर दोन घटकांत कानांवर हात ठेवून उठायचा. पण आळीतल्या तान्ह्या पोरांना त्या आवाजाशिवाय झोप लागत नसे, असं म्हणतात.

या आळीत मुकुंदा नावाचा तरुण तांबट होता. त्याचे आईबाप तो लहान असतानाच गेले. थोरला भाऊ नारोबा, त्यानं त्याला वाढवलं आणि हातात हातोडा दिला. मुकुंदाचं काम मठाराचं. भांडं घडवून झालं की त्यावर गोल तोंडाच्या हातोडीनं एकाला लागून एक असे बारीक ठोके मारतात. त्यानं भांडं घट्ट होतं आणि अंगावर चकाकी येते. त्याला मठारणं म्हणतात. हात एक केसभर चुकला तर ओळ वाकडी जाते आणि वाकडी ओळ लपवता येत नाही. मुकुंदाची ओळ कधी वाकडी गेली नाही. त्यानं मठारलेल्या हंड्यावरून आंधळ्यानं बोट फिरवलं तरी त्याला ओळी मोजता येत, असं म्हणतात.

एका वर्षी जत्रेसाठी देवळाची मोठी काहील घडवली. दहा माणसांनी ती गाडीवर चढवली. चढवताना दोर सुटला आणि काहिलीचा काठ मुकुंदाच्या डोक्याच्या मागच्या बाजूला लागला. मुकुंदा खाली बसला. मग उठला, हसला, "काही नाही, काही नाही" म्हणाला आणि तांब्याभर पाणी प्यायला. रक्ताचा थेंब आला नाही. आला असता तर फार बरं झालं असतं, कारण पुढे जे झालं त्यावर लोकांनी विश्वास ठेवला असता.

एक टेंगूळ आलं, ते आठ दिवसांत उतरलं. लोक म्हणाले, सुटला. पण मुकुंदा सुटला नव्हता. त्याचं डोकं दुखायचं थांबेना. उन्हात गेलं की डोळ्यांपुढे पाणी हलल्यासारखं व्हायचं. वाकलं की घर फिरायचं. हातातली हातोडी कुठे ठेवली ते आठवायचं नाही, आणि कुणी विचारलं की तो खेकसायचा. हा माणूस लग्नाच्या पंगतीतही मोठ्यानं बोललेला कुणी ऐकला नव्हता. सगळ्यांत वाईट म्हणजे आवाज. आळीतला प्रत्येक ठोका त्याला आपल्या कवटीवर पडल्यासारखा वाटे. पंचवीस ऐरणींच्या मधोमध राहणाऱ्या माणसाला आवाज सोसेना, म्हणजे माशाला पाणी सोसेना अशातली गत झाली.

त्याची बायको सगुणा. लग्नाला चार वर्षं झालेली. तिनं आपल्या बांगड्यांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या, म्हणजे त्या किणकिणणार नाहीत. आळीतल्या बायकांनी ते पाहून नाकं मुरडली. हातात बांगड्या असून नसल्यासारख्या, हे काय लक्षण. सगुणाला एकाच गोष्टीची भीती होती. आपला नवरा आहे तसाच समोर बसलेला असताना आपण त्याला गमावतो आहोत, ही. आणि हे कुणाला सांगावं तर लोक म्हणत, अगं तो तर धडधाकट आहे.

काही जण पाठीमागे म्हणत, सोंग आहे. काही तोंडावर म्हणत. मुकुंदालाही कधी कधी वाटे की खरंच सोंग असावं, कारण दिसत तर काहीच नाही.

दुखणं लांबलं की माणूस ज्याचं त्याचं ऐकत सुटतो. त्यात हसण्यासारखं काही नाही, तुम्हीआम्ही तेच केलं असतं. आधी वैद्यबुवा आले. त्यांनी सुंठ उगाळून कपाळाला लेप दिला आणि कडू काढा दिला. दोन दिवस बरं वाटलं. मग देवऋषी आला. त्यानं अंगारा लावला, लिंबू उतरवलं. पुन्हा दोन दिवस बरं वाटलं. मग कुणीतरी नाकात तूप सोडायला सांगितलं, कुणी तळपायाला काशाची वाटी घासायला सांगितलं, कुणी जळवा लावायला सांगितलं. जळवांनी मात्र दोन दिवसही बरं वाटलं नाही. नारोबा प्रत्येक उपायामागे धावला. उपाय सांगणारा माणूस दिसला की त्याला ओट्यावर बसवून घ्यायचा, गूळपाणी द्यायचा आणि हात जोडून ऐकायचा.

शेवटी पलीकडच्या गावातल्या एका माणसाचं नाव निघालं. तो लोखंडाची सळई तापवून कपाळाच्या दोन्ही बाजूंना डाग देत असे. त्याचं नाव निघालं तेव्हा सगुणा पुढे आली. ती म्हणाली, "भावजी, तो उपाय अगदी शेवटी. आधी मी एका बाईला विचारून येते."

ती बाई म्हणजे ठकूबाई धनगरीण.

आता नाव ठकूबाई, पण तिनं उभ्या जन्मात कुणाला ठकवलं नव्हतं. थंडी सरली की तिच्या मेंढरांचा कळप उंबरदरीच्या शिवारात उतरे. शेतकरी तिला बोलावून आपल्या रानात मेंढरं बसवत, म्हणजे रानाला खत मिळे. अंगानं वाळकी, कमरेत वाकलेली, खांद्यावर काळी घोंगडी. मोडलेलं हाड बसवावं तर तिनंच, असं चार गावं म्हणत. माणसाचं हाड असो की कोकराचं, ती सारख्याच हातानं बसवायची.

सगुणा रानात गेली आणि तिला घेऊन आली. ठकूबाई ओट्यावर बसली नाही. आत अंधारात मुकुंदा पडला होता, त्याच्या उशाशी जाऊन बसली. तिनं त्याची नाडी पाहिली नाही, डोकं चाचपलं नाही. हळू आवाजात विचारलं, "कशानं वाढतंय? आन कशानं उतरतंय?"

इतक्या दिवसांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. मुकुंदा थांबत थांबत सांगत राहिला. मध्ये शब्द सापडेना तर ती वाट पाहत बसे. मग तिनं आतापर्यंत काय काय उपाय झाले ते विचारलं. सगुणानं सगळे सांगितले. ठकूबाईनं एकालाही हसून नावं ठेवली नाहीत. ती म्हणाली, "तळपायाला वाटी घासतीस ती घास, त्यानं झोप लागती. अंगाऱ्यानं मनाला बरं वाटत आसंल तर लाव, फकस्त धूर करू नगंस. काढ्यानं मळमळतंय तर सोड. आन ज्यानं अंगाला नवा घाव व्हतो त्याला अवशीद म्हनायचं न्हाई."

"मग तुमचं औषध काय, मावशी?" सगुणानं विचारलं.

"डोसक्याचं अवशीद माज्यापाशी न्हाई पोरी. मला टकरीतला मेंढा ठावं हाय." मग तिनं सांगितलं. दोन मेंढे टकरीला लागतात. एखादा पडत नाही, रक्त येत नाही, पण त्याचं चित्त जागेवर राहत नाही. तो कळपातच राहिला तर पुन्हा कुठेतरी धडकतो आणि मग उठत नाही. त्याला बाजूला घ्यायचा. ऊन नाही, कुत्रं नाही, घंटीचा आवाज नाही. पण नुसता बांधूनही ठेवायचा नाही, नाहीतर तो पाय विसरतो. रोज थोडा चालवायचा, कण्हला की थांबायचं. "मेंढा म्हैना-दोन म्हैन्यात येतो वळणावर. मानसाला ज्यास्ती लागत आसंल."

ठकूबाईचा कळप दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला जायचा होता. ती उठली, बाहेर आली. ओट्यावर नारोबा आणि आळीतली चार मोठी माणसं बसली होती. आणि इथे ती चूक झाली, जी मराठी मुलखातच होऊ शकते.

तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडे अशुभ शब्द तोंडातून काढत नाहीत. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. तसंच दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. तांबट आळीत तर 'बंद' हा शब्द ऐरणीजवळ उच्चारायचीसुद्धा सोय नव्हती. धंदा बंद पडेल ना. दिवस कलला की मोठी माणसं ओट्यावरून हाक देत, "चला, दुकान वाढवा," आणि हातोडे खाली पडत. ठकूबाईनं हे वर्षानुवर्षं रानातून ऐकलं होतं. तिला वाटलं, हातोडा खाली ठेवण्याला या लोकांत असं म्हणतात. तिच्या स्वतःच्या बोलीत तिनं सरळ बंद करा म्हटलं असतं. पण लोकांच्या ओट्यावर उभं राहून त्यांच्या कानाला टोचेल असं कशाला बोला. म्हणून तिनं मोठ्या अदबीनं त्यांचाच शब्द उचलला. ती म्हणाली, "दादा, म्हैनाभर ह्येचं काम वाढवा. मी परत येताना बगते."

आणि गेली.

दुकान वाढवणं आणि काम वाढवणं यांत काय फरक आहे ते मी तुम्हाला सांगायला नको. नारोबा क्षणभर चक्रावला. मग त्याला त्यात अर्थ दिसायला लागला. माणसाला हवा तसा अर्थ फार लवकर दिसतो. आवाजानं धरलेलं दुखणं आवाजानंच सुटायचं, म्हातारी उगाच बोलायची नाही. जत्रेचे बारा हंडे मठारायचे राहिले होते, तेही होतील. नारोबाच्या मनात पाप नव्हतं, हे मी शंभरदा सांगेन. भाऊ बरा होईपर्यंत पायात वहाण न घालायचं व्रत त्यानं धरलं होतं. आणि सगुणानंही ते शब्द दाराआडून स्वतःच्या कानांनी ऐकले होते. मेंढ्याला नुसता बांधून ठेवायचा नाही म्हणाल्या, ते हेच असेल असं तिला वाटलं. तिनंच मुकुंदाचा हात धरून त्याला ऐरणीवर बसवला. "मावशी म्हणाल्या आहेत," ती म्हणाली. "थोडं सोसा."

मुकुंदानं सोसलं. पहिल्या दिवशी एक हंडा, मग दोन. नारोबा शेजारी बसून त्याच्या तोंडात घास भरवायचा. मुकुंदाची ओळ वाकडी जाऊ लागली. तो ती पुन्हा ठोकायचा, ती आणखी वाकडी जायची. सातव्या दिवशी त्यानं हातोडी भिरकावली. ती नारोबाच्या कानाजवळून गेली आणि समोरच्या हंड्याला पोचा पडला. मुकुंदा त्या पोच्याकडे पाहत राहिला. मग घरात गेला आणि मागच्या खोलीतल्या धान्याच्या रिकाम्या कणगीत शिरून बसला. तिथे अंधार होता आणि बांबूला शेणाचा जाड गिलावा असल्यानं आवाज कमी येत होता. सगुणानं हाक मारली तर त्यानं ओ दिली नाही. दिलेलं अन्न पोटात ठरलं नाही. असे दोन दिवस गेले.

तेव्हा नारोबा म्हणाला, "बोलवा त्या डागवाल्याला."

सगुणानं पदर खोचला आणि ती निघाली. ठकूबाईचा कळप दोन गावं पुढे गेला होता. ऊन डोक्यावर येईतो सगुणानं तिला एका माळावर गाठलं. धाप लागलेली, बोलवेना. "मावशी, तुम्ही म्हणालात तसं केलं. त्यांचं काम वाढवलं. तर ते पार गेल्यासारखे झालेत."

"वाढवलं म्हंजी? हातोडा खाली ठिवला न्हवं?"

"खाली कशाला? दुप्पट केलं."

ठकूबाईला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर ती काठीवर भार देऊन उभीच राहिली. "ग्वाड बोलायला गेले मी," ती म्हणाली, "आन त्येचा जीव टांगनीला लावला." तिनं कळपाला तोंड फिरवायला लावलं. धनगराचा कळप अर्ध्या वाटेवरून उलटा फिरत नाही, पण त्या दिवशी दीडशे मेंढरं एका हाकेसरशी वळली, असं म्हणतात.

ती आळीत पोचली तेव्हा डागवाला ओट्यावर बसला होता आणि निखाऱ्यात सळई लाल झाली होती. आळीत ठोके चालूच होते. ठकूबाई आळीच्या मधोमध उभी राहिली. मागे सगळी मेंढरं. नारोबा पुढे आला.

"दादा, चूक माजी हाय," ती म्हणाली. "तुमचा शबुद मी वापरला, मला त्यो नीट येत न्हवता. आता माज्या शबुदात सांगते." आणि तिनं मान वर करून आळीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल असं म्हटलं, "बंद."

सगळी आळी हादरली. कुणी कानांवर हात ठेवले, कुणी देवाचं नाव घेतलं. नारोबाचा चेहरा पांढरा पडला. "बाई, हा शब्द इथं काढत नाहीत."

"ठावं हाय. म्हनून तर त्यो कणगीत बसलाय." ती पुन्हा म्हणाली, "बंद."

आता पुढचं ऐका. आळीतले लोक असं सांगतात की तिनं तिसऱ्यांदा 'बंद' म्हटलं आणि आळीतल्या तांब्याचा आवाज गेला. हातोडे पडत होते, ऐरणीवर आपटत होते, पण नाद निघेना. लोकरीवर काठी मारावी तसा. लोक हातोडे उलटसुलट करून बघत होते. चौथ्या घरातल्या एका हट्टी म्हाताऱ्यानं संध्याकाळपर्यंत ठोकून पाहिलं आणि मग हातोडा ठेवून तो रडला, असं म्हणतात. गुरव वेगळं सांगतात. ते म्हणतात, तांबं वाजतच होतं, पण सगुणा आळीत येऊन उभी राहिली आणि तिनं हात वर केले, चिंध्या गुंडाळलेल्या बांगड्यांचे. ते पाहून बायकांनी आपापल्या नवऱ्यांच्या हातातले हातोडे काढून घेतले. मला कुठलं खरं वाटतं ते मी सांगत नाही. दोन्हींत एक गोष्ट तीच आहे, की त्या दिवशी आळी गप्प झाली.

डागवाल्यानं सळई पाण्यात बुडवली आणि तो आल्या वाटेनं गेला.

ती शांतता कणगीपर्यंत पोचायला अर्धा दिवस लागला. मग मुकुंदा आतून म्हणाला, "सगुणे, काय झालं? सगळे कुठे गेले?" सगुणा म्हणाली, "सगळे इथेच आहेत." आणि तिला हुंदका आला तोही तिनं पदरात दाबला, आवाज होऊ नये म्हणून.

आळी एकवीस दिवस बंद राहिली. जत्रेचे बारा हंडे झाले नाहीत. देवळाच्या पंचांनी बोल लावला तेव्हा नारोबानंच उत्तर दिलं, की देवाला थांबायची सवय आहे, माझ्या भावाला वेळ नाही.

बाविसाव्या दिवशी आळीच्या एका टोकाला हातोडे पुन्हा सुरू झाले, पण मुकुंदा तिथे नव्हता. ठकूबाईनं त्याला आपल्या कळपात नेलं होतं. तिनं सगळ्या मेंढरांच्या गळ्यांतल्या घंट्या काढून एका पिशवीत भरल्या. अकरा होत्या. मुकुंदा सकाळच्या कोवळ्या उन्हात मेंढरांमागून बांधावरून शंभर पावलं चालायचा आणि झाडाखाली बसायचा. काही दिवसांनी तिनं एका म्हाताऱ्या मेंढीच्या गळ्यात एक घंटी बांधली. ती मेंढी फार हलत नसे. मुकुंदा तिच्यापासून लांब बसला, मग जवळ बसला. सोसलं तशी तिनं दुसरी घंटी बांधली. ज्या दिवशी डोकं ठणकलं त्या दिवशी एक काढली. दर सकाळी ती विचारायची, "आज किती घंट्या?" आणि तो जेवढ्या म्हणेल तेवढ्या. त्याच्या आकड्यावर तिनं कधी घासाघीस केली नाही.

सगुणा भाकरी घेऊन यायची. नारोबाही अनवाणी यायचा, पण लांब बांधावर बसायचा. जवळ यायला त्याला धीर होत नव्हता. एके दिवशी मुकुंदानंच त्याला हाक मारली आणि आपल्या ताटातली अर्धी भाकरी दिली.

सात घंट्या झाल्या तेव्हा मुकुंदाला वाटलं, आपण बरे झालो. कुणाला न सांगता तो आळीत गेला आणि त्यानं दिवसभर हंडा मठारला. ओळ सरळ आली. दुसऱ्या दिवशी त्याला उभं राहता येईना. ठकूबाईनं पाच घंट्या काढल्या आणि पिशवीत टाकल्या. मुकुंदा मान खाली घालून म्हणाला, "माझंच चुकलं, मावशी. आता मी कधीच बरा व्हायचा नाही."

"मेंढाबी आसंच करतो," ती म्हणाली. "त्याला वाटतं झालं. दोन ऱ्हायल्यात न्हवं? दोनच्या म्होरं तीन."

तोवर आभाळ भरून यायला लागलं. धनगरांचे बाकीचे कळप पूर्वेकडच्या कोरड्या मुलखाकडे निघाले. आपल्याकडच्या पावसात मेंढरांच्या खुरांना चिखल्या होतात, ती लंगडतात आणि मरतात. ठकूबाईचा भाऊ तिला न्यायला आला. ती म्हणाली, "आट घंट्या झाल्यात, तीन ऱ्हायल्या." भाऊ रागानं निघून गेला. त्या पावसाळ्यात तिची चाळीस मेंढरं गेली. आळीतल्या लोकांनी गोठे रिकामे करून उरलेली आत घेतली आणि बायकांनी त्यांच्या खुरांना गरम राख लावली.

दसऱ्याच्या सुमारास अकराव्या घंटीनंतरही मुकुंदा शांत बसून राहिला. तो पूर्वीसारखा झाला का, असं पोरं मला विचारतात. नाही. शेवटपर्यंत त्याला कडक ऊन सोसलं नाही आणि दोन माणसं एकदम बोलायला लागली की तो उठून जायचा. पण तो ऐरणीवर बसला, थोडा वेळ मठारायचा आणि थांबायचा, पुन्हा मठारायचा. आणि सगुणानं एका सकाळी बांगड्यांवरच्या चिंध्या सोडल्या. तिनं हात हलवून पाहिला. मुकुंदा ओट्यावरून म्हणाला, "पुन्हा हलव." ती पुन्हा पुन्हा हलवत राहिली आणि तो ऐकत राहिला. ही गोष्ट सांगताना म्हाताऱ्या बायका इथे नेहमी थांबतात.

मुकुंदानं बरा झाल्यावर पहिली वस्तू घडवली ती तांब्याच्या पत्र्याची घंटी, चहूबाजूंनी मठारलेली. ती ठकूबाईनं म्हाताऱ्या मेंढीच्या गळ्यात बांधली आणि उरलेली मेंढरं घेऊन घाट चढली. पुढच्या वर्षी ती आली नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. तिला कुणी मेलेली पाहिली नाही, म्हणून ती मेली असं आळीत कुणी म्हणत नाही. डोक्याला मार लागलेला माणूस रानात चुकला तर एक मेंढी त्याच्या पुढे पुढे चालते आणि तो थकला की थांबते, असं म्हणतात.

उंबरदरीत आजही दुकान वाढवत नाहीत. संध्याकाळी सरळ "बंद" म्हणतात. परगावची लग्न करून आलेली मुलगी पहिल्यांदा ते ऐकून दचकते, मग तिलाही सवय होते. आणि कुणाच्या डोक्याला मार लागला तर त्याला आधी तालुक्याच्या दवाखान्यात नेतात, आता तेवढी सोय झाली आहे. पण तो घरी आला की आळीतली सगळ्यांत वडीलधारी बाई रस्त्यात येऊन ठकूबाईच्या नावानं एकदा "बंद" म्हणते. किती दिवस, ते कुणी विचारत नाही.

मागच्या वर्षी आळीजवळ एका इमारतीचं काम चाललं होतं. बसप्पा नावाचा परमुलखातला गडी परांचीवरून पडला. दवाखान्यात फोटो काढला, त्यात काही आलं नाही. डॉक्टरांनी विश्रांती घ्यायला सांगितली. त्याचं इथे कुणी नव्हतं म्हणून त्याला आळीतल्या एका पडवीत जागा दिली. पंधरा दिवस झाले तरी तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असे. मुकादम रोज येऊन विचारायचा, कामावर कधी येतोस. घरून फोन यायचा, त्यातही तेच. बसप्पा सगळ्यांना सांगायचा, उद्या येतो. आळीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या वत्सलाकाकूंनी पहिल्याच दिवशी आळी बंद केली होती, पण ती कुणासाठी बंद आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आम्हाला वाटलं, त्याला कळलंच असेल.

सोळाव्या दिवशी वत्सलाकाकू त्याच्या पडवीत जाऊन बसल्या आणि त्यांनी विचारलं, "बाबा, आज किती घंट्या?"

बसप्पाला काही कळेना. मग त्यांनी त्याला ही सगळी गोष्ट सांगितली, हळू आवाजात, मी तुम्हाला सांगितली त्याहून पुष्कळ थोडक्यात. तो ऐकत राहिला. त्यानं बाहेर पाहिलं. पंचवीस ओटे, प्रत्येक ऐरणीवर फडकं घातलेलं, आणि माणसं बायकापोरांशी खालच्या आवाजात बोलत बसलेली. "हे माझ्यासाठी?" त्यानं विचारलं. काकूंनी मान डोलावली. मग पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्यानं खरं सांगितलं.

"आज एकही नको," तो म्हणाला.

"बरं," वत्सलाकाकू म्हणाल्या, आणि आळीत सांगायला गेल्या.